वजाबाकीत न मावणारा नंबर

"मोतीबिंदू काढण्याआधी पेशंटचा सिलिंडर १.५ होता," शंकेखोर म्हणतो. "काढल्यावरही १.५ आहे. वजाबाकी शून्य. म्हणजे माझ्या हाताने त्या डोळ्यात काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही. एवढं सांगायला तुला आलेख, सॉफ्टवेअर आणि परिषदेतलं भाषण कशाला लागतं?"

"अक्ष कुठे होता सर?" हिशेबी विचारते.

"आधी ९०. आता १८०."

"मग तुम्ही ३ डायॉप्टर बदल केलात. आधी उभा वाक दीडने जास्त होता. तुमच्या छेदाने तो सपाट होत होत डोळा एकदा गोल झाला, आणि तिथे न थांबता दीडभर पलीकडे गेला. तुमच्या वजाबाकीने फक्त 'किती' ते विचारलं. 'कुठे' ते विचारलंच नाही, म्हणून तिला शून्य दिसलं."

चष्म्याच्या कागदावर तीन रकाने असतात: स्फिअर, सिलिंडर, ॲक्सिस. पेशंट पहिल्याची चौकशी करतो, चष्मेवाला तिन्ही बघतो, आणि शस्त्रक्रियेचे निकाल मांडणारे लेख मात्र कितीतरी वर्षं दुसऱ्या रकान्यावरच थांबत आले. पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढ्यातला पारदर्शक पडदा, सगळ्या दिशांनी सारखा वळलेला नसला की दृष्टिवैषम्य येतं. ते किती आहे हे सिलिंडर डायॉप्टर या एककात सांगतो, कुठल्या दिशेला आहे हे अक्ष. मोतीबिंदू काढायचा तर पारपटलावर किंवा त्याच्या कडेला छेद द्यावाच लागतो, आणि छेद ज्या दिशेला असेल त्या दिशेचा वाक थोडा सपाट होतो. वरच्या बाजूने छेद दिला तर उभा वाक कमी होतो, कानाच्या बाजूने दिला तर आडवा. भांडण आहे ते हा बदल मोजायचा कसा आणि मोजून त्याचं करायचं काय, यावर. दोघंही डोळ्यांचेच डॉक्टर आहेत हे सांगून ठेवायला हवं, नाहीतर शंकेखोर गणिताला घाबरतो असा समज व्हायचा. तो घाबरत नाही. त्याला गणिताच्या रुबाबाचा संशय आहे.

"तू कोन दुप्पट करतेस, तिथेच मला हातचलाखी वाटते," तो म्हणतो. "डोळ्यात फरक ९० अंशांचा. कागदावर तू तो १८० करतेस, दोन बाण विरुद्ध दिशांना काढतेस आणि मग बदल मोठा झाला म्हणून सांगतेस. होणारच ना."

"सर, लाटणं पोळपाटावर आडवं ठेवा. अर्धा फेरा फिरवलंत की ते पुन्हा जसंच्या तसं दिसतं. बाणाचं तसं नाही. तो पूर्ण फेरा घेतल्याशिवाय मूळ जागी येत नाही. सिलिंडरचा अक्ष लाटण्याच्या जातीचा आहे. ० आणि १८० एकच. आता ५ आणि १७५ या दोन अक्षांची सरासरी काढा. कॅल्क्युलेटर ९० सांगेल, म्हणजे नेमकी उलटी दिशा. खरं उत्तर १८० आहे. बाणांच्या बेरजेचे नियम वापरायचे तर आधी लाटण्याचा बाण करून घ्यावा लागतो. कोन दुप्पट केला की तो होतो. हिशेब झाला की पुन्हा निम्मा करायचा. हे मी शोधलेलं नाही. दोन दंडगोल भिंगं एकमेकांवर फिरवली तर काय होतं हे जॉर्ज स्टोक्सने १८४९ मध्ये दाखवलं होतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जाफी आणि क्लेमन यांनी १९७५ मध्ये तोच हिशेब लावला. आणि तुमचा दाखला टोकाचा आहे म्हणून तो सोडून देऊ. २ डायॉप्टर ९० वर होते, नंतर २ डायॉप्टर १०५ वर आले. फक्त १५ अंश. तुमची वजाबाकी पुन्हा शून्य सांगेल. प्रत्यक्षात १ डायॉप्टरहून थोडा जास्त बदल झालेला असतो."

इथवर शंकेखोर हार मानतो, पण मानण्याची त्याची रीत सावध आहे. दोन बरोबर आकड्यांची वजाबाकी कशी करायची ते कळलं, असं तो म्हणतो, पण आकडे बरोबर आहेत हे कुणी सांगितलं?

"केरॅटोमीटरसमोर, म्हणजे पारपटलाचा वाक मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसलेल्या माणसाचे डोळे कोरडे असतात. पापणी अर्धी मिटलेली असते. हनुवटी किंचित तिरकी असते. कालच्या आणि आजच्या मापात पाव डायॉप्टरचा फरक पडला तर आपण कुणी भुवई उंचावत नाही. आता तुझाच दुप्पट कोनाचा कागद घे. ज्याचा सिलिंडर मुळात ०.५ आहे, त्याच्या मापात पाव डायॉप्टरची चूक आडव्या दिशेने शिरली तर अक्ष सुमारे १३ अंश इकडे किंवा तिकडे सरकतो. ज्याचा ३ आहे त्याचा अडीच अंशही सरकत नाही. म्हणजे ज्या पेशंटचा सिलिंडर लहान, त्याचा अक्ष हा जवळपास अंदाजच. आणि आपल्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक लहान सिलिंडरवालेच असतात. पुढचं ऐक. ज्या डोळ्याला कधी सुरी लागलीच नाही, तो डोळा दोन वेगळ्या दिवशी मोज. तुझं सूत्र त्यातही 'शस्त्रक्रियेमुळे झालेला बदल' काढून दाखवेल. ०.२ असेल, ०.३ असेल, पण शून्य क्वचितच. उणे तर कधीच नाही, कारण बाणाची लांबी उणे नसते. अशा शंभर डोळ्यांची सरासरी काढ. शस्त्रक्रियाच झाली नाही, आणि सरासरी बदल मात्र ठळक!"

हा आक्षेप शंकेखोराचा सगळ्यात भक्कम आहे, आणि तो ज्यांनी हे विश्लेषण रूढ केलं त्यांच्याच कागदावरून उचललेला आहे. हिशेबी तो नाकारत नाही. तो आपल्या बाजूला ओढते.

"म्हणूनच लांब्यांची सरासरी काढायची नसते सर. बाणांची काढायची. चार पेशंट घ्या. चौघांतही ०.५ बदल, पण अक्ष ०, ४५, ९० आणि १३५. लांब्यांची सरासरी ०.५. दुप्पट कोनाच्या कागदावर हेच चार बाण चार दिशांना जातात आणि एकमेकांना खोडतात. बेरीज शून्य. या बेरजेच्या सरासरीला आम्ही सेंट्रॉइड म्हणतो. तुमची ती कोरडा डोळा, तिरकी हनुवटी, ही चूक कुठल्याही दिशेला पडते, म्हणून सेंट्रॉइडमध्ये ती विरघळते. छेद मात्र दर वेळी एकाच जागी असतो, म्हणून त्याचा परिणाम शिल्लक राहतो. कानाच्या बाजूने सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा छेद देऊन यंत्राने मोतीबिंदू फोडणाऱ्या फेको सर्जनचा सेंट्रॉइड सुमारे ०.१ इतकाच येतो. त्याच पेशंटांच्या लांब्यांची सरासरी काढली तर तो स्वतःला ०.५ चा सर्जन समजत बसतो."

"आणि तुझ्या चार पेशंटांना काय सांगशील? 'तुमच्या चौघांत मिळून काहीही बदल झालेला नाही' असं? प्रत्येकाच्या डोळ्यात अर्धा डायॉप्टर बदल झालाय. त्यांची बेरीज कुणाच्याच डोळ्यात नाही."

"तो बदल झाला आहे की नुसता मोजला गेला आहे, हे त्या चार मापांवरून तुम्हालाही सांगता येत नाही."

"नाही येत. पण तू शून्य लिहितेस, मी लिहीत नाही."

हिशेबी थोडी मागे येते. सेंट्रॉइड एकटा छापू नये, त्याच्याभोवती ठिपक्यांचा विखुरलेपणाही दाखवावा, हे तिला मान्य आहे. दुप्पट कोनाच्या आलेखावर प्रत्येक डोळ्याचा एक ठिपका, मध्ये सेंट्रॉइड, भोवती लंबवर्तुळ. ठिपक्यांचा ढग घट्ट असेल तर सर्जनचा हात नेमाने वागतो. पसरलेला असेल तर एकतर हात वागत नाही, नाहीतर यंत्र. यांपैकी काय, ते आलेख सांगत नाही.

"आलेख बघायला कुणाला वेळ आहे?" शंकेखोर म्हणतो. "टोरिक भिंगाच्या कॅल्क्युलेटरमध्ये एकच चौकट असते: तुमच्या छेदामुळे होणारा बदल लिहा. आपल्यातले निम्मे लोक तिथे ०.५ भरतात, कारण शिकताना सरांनी ०.५ भरलेलं पाहिलेलं असतं."

"मग ती चौकटच तुमच्या वजाबाकीविरुद्धचा पुरावा आहे. टोरिक भिंग म्हणजे डोळ्यात बसवलेला सिलिंडर. पेशंटचा अक्ष आणि भिंगाचा अक्ष जुळला तर नंबर जातो. भिंग १० अंश फिरलं तर त्याच्या ताकदीचा सुमारे ३५ टक्के सिलिंडर शिल्लक राहतो. २ डायॉप्टरच्या भिंगामागे ०.७. ३० अंश फिरलं तर सगळाच्या सगळा राहतो, फक्त नव्या अक्षावर. म्हणजे आधी २, नंतरही २. तुमच्या मते काहीच झालं नाही, आणि पेशंटने महागडं भिंग घेतलेलं आहे."

शंकेखोराला हसू येतं. हे त्याला आवडलेलं आहे. मग तो आठवण करून देतो की पेशंट बसलेला असताना डोळा जसा असतो तसा तो आडवा झाल्यावर राहत नाही, काही अंश वळतो. म्हणूनच पेशंट बसलेला असताना पारपटलाच्या कडेवर शाईची खूण करतात. "शाई पसरते. खुणेची जाडीच तीन-चार अंशांची असते. एवढ्या जाड रेघेवर तुझा दोन दशांश स्थळांचा बाण उभा आहे."

हे थोडं अन्यायाचं आहे. खुणेची चूक ही करणाऱ्याची चूक आहे, मोजण्याच्या पद्धतीची नाही. पण शंकेखोराचा रोख निराळ्याच गोष्टीकडे आहे, आणि तो तिकडेच वळतो.

"केरॅटोमीटर पारपटलाचा पुढचा पृष्ठभाग बघतो. मागचा त्याला दिसत नाही. पुढच्यावरून मागचा कसा असेल ते गृहीत धरून, १.३३७५ असा एक अपवर्तनांक वापरून, तो सगळ्या पारपटलाची ताकद छापतो. पारपटलाचा खरा अपवर्तनांक १.३७६ च्या आसपास आहे. म्हणजे आपण मोजतो म्हणतो ते अर्धं मोजमाप आणि अर्धं गृहीतक. डग्लस कॉख आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ४३५ जणांच्या ७१५ पारपटलांचा मागचा पृष्ठभागही मोजला, तेव्हा त्याचं स्वतःचं दृष्टिवैषम्य सरासरी ०.३ डायॉप्टर निघालं. ९ टक्के डोळ्यांत ते ०.५ च्या वर होतं. तोवर किती वर्षं लोक ०.१ च्या सेंट्रॉइडवर वाद घालत होते? ज्याचं निम्मं घर बघितलंच नाही त्याच्या ओसरीची लांबी केसाच्या मापाने मोजायची, याला मी शास्त्र म्हणू?"

"ते सापडलं कसं हे विचारा ना. ज्यांचा उभा वाक जास्त, त्यांना टोरिक भिंग घातलं की सिलिंडर उलटा व्हायचा, म्हणजे दुरुस्ती जास्त झालेली. ज्यांचा आडवा जास्त, त्यांच्यात थोडा उरायचा, म्हणजे दुरुस्ती कमी पडलेली. तुमच्या पद्धतीने बघितलं तर दोन्हीकडे 'थोडा सिलिंडर राहिला' एवढंच दिसलं असतं. बाण काढले तेव्हा कळलं की सगळी चूक एकाच दिशेला झुकलेली आहे. यादृच्छिक चूक एका दिशेला झुकत नाही. म्हणून कुणीतरी मागच्या पृष्ठभागाकडे बघितलं. बहुतेकांच्या मागच्या पृष्ठभागाचा वाक उभ्या दिशेला जास्त असतो आणि तो पृष्ठभाग उणे भिंगासारखा वागतो, म्हणून एकूण हिशेबात तो आडव्या बाजूला भर घालतो. आज टोरिक भिंग निवडताना बॅरेटचा किंवा अबुलाफिया-कॉखचा हिशेब वापरला की ही भर आधीच धरलेली असते. तुम्ही ज्याला विश्लेषणाचं अपयश म्हणता, ती त्याची सगळ्यात मोठी कमाई आहे."

हा मुद्दा शंकेखोर लगेच खोडू शकत नाही. तो इतिहासात शिरतो. थॉमस यंगने १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्वतःच्या डोळ्याचं दृष्टिवैषम्य मांडलं, आणि ते पारपटलामुळे नाही हे दाखवायला डोळा पाण्यात बुडवला. पाणी लागलं की पारपटलाची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ जाते. तरी वैषम्य राहिलं, म्हणजे ते आतल्या भिंगात होतं. "पहिल्याच माणसाने पहिल्यांदा काय सिद्ध केलं, तर दोष पुढच्या पृष्ठभागावर असेलच असं नाही. आणि त्यानंतर दोनशे वर्षं आपण पुढचाच पृष्ठभाग मोजत बसलो."

वाद इथून महाराष्ट्रात येतो, आणि इथे शंकेखोराचा आवाज बदलतो. टोरिक भिंगं हा शहरातल्या काही दवाखान्यांचा प्रश्न आहे, असं तो म्हणतो. बाकीच्या महाराष्ट्राचा मोतीबिंदू निघतो तो मोठ्या प्रमाणावर एसआयसीएसने, म्हणजे श्वेतपटलात सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून, बिनटाक्याने. तिथे फेकोचं महाग यंत्र लागत नाही.

"पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी फेको आणि एसआयसीएस यांची तुलना केली. ४०० डोळे, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी, निकाल २००५ मध्ये छापले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत ८१.१ टक्के, एसआयसीएसमध्ये ७१.१ टक्के. चष्मा दिल्यावर? दोन्हीकडे ९८.४ टक्के. अगदी सारखे. आता तू तुझे बाण काढत बस. गावाकडच्या आजीला आधी हाताची बोटं मोजता येत नव्हती. आता ती चष्मा लावून नातवाला ओळखते. तिच्या सेंट्रॉइडची चौकशी कुणी करायची?"

"तिच्या चष्म्याची चौकशी कोण करतं, सर?" हिशेबी विचारते. "८१ आणि ७१ यांतला फरक चष्म्याने भरून निघतो, हे बरोबर. पण तो चष्मा सहा आठवड्यांनी परत येऊन, नंबर काढून, पैसे देऊन घ्यावा लागतो. जी येत नाही, तिच्यासाठी दोन्हीकडचे ९८ टक्के कागदावरच राहतात. आणि त्याच अभ्यासातला एक आकडा तुम्ही वगळलात. शस्त्रक्रियेनंतरचं सरासरी दृष्टिवैषम्य फेकोत १.१, एसआयसीएसमध्ये १.२. फरक नसल्यातच जमा. पण सगळ्यात जास्त डोळ्यांत आढळलेला आकडा फेकोत ०.५ आणि एसआयसीएसमध्ये १.५. सरासरीने जे झाकलं ते बहुलकाने उघडं पाडलं. या आकड्यांत दिशा नाही. ती घातली तर आणखी काय दिसेल?"

"काय दिसेल?"

"वरून छेद दिला की उभा वाक सपाट होतो. म्हातारपणी पारपटल आपणहूनच आडव्या बाजूला झुकत जातं. आपण त्याला अगेन्स्ट द रूल म्हणतो. म्हणजे सत्तरीच्या आजीचा आडवा वाक आधीच जास्त, त्यात तुम्ही वरून छेद देऊन तो वाढवता. तोच बोगदा कानाच्या बाजूने केला तर तुमचा छेद तिचं वैषम्य कमी करेल. नवं यंत्र नको, महाग भिंग नको. केरॅटोमीटरचं माप बघायचं आणि खुर्ची कुठे लावायची ते ठरवायचं. जास्त वाक ज्या दिशेला तिथेच छेद द्यावा, हे स्नेलेनने १८६९ मध्ये सुचवलं होतं. दृष्टी तपासणीचा तक्ता ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोच स्नेलेन."

"आणि वरून छेद दिला की पापणी जखम झाकते. डोक्याशी बसलेल्या सर्जनचा हात तिथे स्थिर असतो. दिवसाला कितीतरी डोळे करणाऱ्या माणसाला तू दर पेशंटला खुर्ची फिरवायला सांगतेस."

"दर पेशंटला नाही. ज्यांचा आडवा वाक १ च्या वर आहे, त्यांना."

"बरं, आमच्या काळातलं सांगतो," शंकेखोर म्हणतो, आणि हा भाग तो रंगून सांगतो. "दहा-बारा मिलिमीटरचा छेद, पाच टाके, नायलॉनचा १०-० धागा. टाका घट्ट बसला की त्या दिशेचा वाक वाढतो. पेशंट दीड-दोन महिन्यांनी यायचा, मी केरॅटोमीटरवर जास्त वाक कुठे आहे ते बघायचो, स्लिट लॅम्पवर त्या दिशेचा टाका सुईच्या टोकाने कापायचो, आणि पुन्हा मोजायचो. तिथल्या तिथे डायॉप्टरच्या डायॉप्टर उतरलेले पाहिलेत मी. कुणाला बाण माहीत नव्हते."

"सर, तुम्ही दर वेळी दिशा बघत होतात. परिमाण आणि दिशा घेऊन निर्णय करणं, मग परिणाम मोजणं. नुसत्या वजाबाकीवर चालला असतात तर कुठला टाका कापायचा हे कळलंच नसतं."

शंकेखोर हे मान्य करतो, पण लगेच त्यातलाच काळाचा प्रश्न पुढे करतो. नायलॉन काही वर्षांत विरत जातो आणि उभा वाक आणखी उतरतो. टाका नसलेल्या डोळ्यातही पहिल्या दिवशी पारपटल सुजलेलं असतं, आठवड्याने वेगळं, तीन महिन्यांनी वेगळं, आणि दहा वर्षांनी त्यात वयाची भर. मग शस्त्रक्रियेने केलेला बदल म्हणजे कुठल्या दिवशीचा? हिशेबी सांगते की तारीख ठरवून घ्यायची आणि सगळ्यांना तीच लावायची. वयाचा हिस्सा वेगळा काढायचा तर शस्त्रक्रिया न झालेला दुसरा डोळा सोबत मोजायचा. तो म्हणतो, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असतो आणि तोही तू पुढच्या महिन्यात काढतेस. यावर तिच्याकडे उत्तर नाही. आणखी एक गोष्ट ती स्वतःहून कबूल करते: एकाच माणसाचे दोन डोळे ही दोन स्वतंत्र माणसं नव्हेत, ते आरशातल्यासारखे जुळे असतात, आणि दोघांना वेगळे मोजले की अभ्यास आहे त्यापेक्षा मोठा भासतो.

चष्मा घालवण्याच्या लेझर शस्त्रक्रियेवर मात्र हिशेबी पुन्हा जोमात येते. तिथे सर्जन हेतू घेऊनच आत जातो. मेलबर्नचे नोएल ॲल्पिन्स यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीन बाण असतात: करायचा होता तो बदल, प्रत्यक्ष झालेला बदल, आणि या दोहोंतलं अंतर. झालेल्याला ठरवलेल्याने भागलं की दुरुस्तीचा निर्देशांक मिळतो. १ आला तर बरोबर, वर गेला तर जास्त, खाली आला तर कमी. अंतराचा बाण ठरवलेल्याशी ताडून पाहिला की यश किती दूर राहिलं ते कळतं. नुसता 'सिलिंडर राहिला' हा शेरा इथे दोन वेगळ्या आजारांत विभागला जातो: ताकद चुकली की अक्ष चुकला. पहिल्यासाठी यंत्रातला आकड्यांचा तक्ता सुधारावा लागतो, दुसऱ्यासाठी डोळ्याची मांडणी.

"आणि ठरवलेला बदल ०.२५ असेल, झालेला ०.७५ असेल, तर तुझा निर्देशांक ३," शंकेखोर म्हणतो. "पेशंट खूश, आलेख हवालदिल. उलट, निम्म्यांत ०.५ आणि निम्म्यांत १.५ आला तर सरासरी १. आलेख खूश, पेशंट सगळेच नाराज."

"म्हणून लहान सिलिंडर निर्देशांकातून वगळतात."

"म्हणजे पुन्हा जे मोजायला अवघड ते मोजायचं नाही."

इथे संवाद ज्या टोकाला येतो तिथे दोघांचंही म्हणणं धारदार झालेलं असतं. शंकेखोर आता वजाबाकीचा बचाव करत नाही. त्याने एक वेगळाच दाखला धरला आहे: केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी. १८२५ मध्ये त्याने स्वतःच्या डाव्या डोळ्याचा दोष मोजला, त्यासाठी दंडगोल भिंग घडवून घेतलं, आणि पुढेही वर्षानुवर्षं तोच डोळा पुन्हा पुन्हा मोजला. "त्याला शंभर डोळे नव्हते. एक होता, आणि तो त्याने वारंवार मोजला. आपण उलटं करतो: शंभर डोळे, प्रत्येक एकदा आधी आणि एकदा नंतर. मग मापाची चूक किती आणि डोळ्याडोळ्यांतला खरा फरक किती, हे आपल्याला कसं कळणार? दर पेशंटला शस्त्रक्रियेआधी तीनदा मोज. मग तुझ्या ढगातलं किती यंत्राचं आणि किती माणसांचं, ते मला सांग."

"ते मी करेन," हिशेबी म्हणते. "पण त्याआधी तुम्ही एक फरक मान्य करा. आलेखावर दोन लंबवर्तुळं काढता येतात. एक सांगतं की माझा खरा सेंट्रॉइड कुठे असेल. पेशंट वाढत गेले की ते लहान होत जातं. दुसरं सांगतं की पुढचा पेशंट कुठे पडेल. ते हजार डोळे केले तरी फारसं लहान होत नाही, कारण डोळे मुळातच सारखे नाहीत. तुम्ही इतका वेळ पहिल्याला दुसरं समजून शिव्या देत होतात."

"आणि तुम्ही लोक इतकी वर्षं पहिलं छापून पेशंटला दुसरं विकत होतात," शंकेखोर म्हणतो. "समोर माणूस बसला आहे, सिलिंडर ०.७५, आडवा वाक जास्त. तुझं मोठं लंबवर्तुळ ०.४ त्रिज्येचं आहे असं धर. त्याला तू टोरिक भिंग घ्यायला सांगशील?"

"सांगेन. मागचा पृष्ठभाग त्यात भर घालणार आहे, वय आणखी घालणार आहे. खरा आकडा १ च्या पुढे जाईल. उभा वाक जास्त असता तर नसतं सांगितलं."

"मी आडव्यालाही सांगणार नाही. १ च्या खाली सरळ भिंग, आणि लागला तर चष्मा."

"मग निदान त्याला दोन्ही लंबवर्तुळं दाखवून त्यालाच ठरवू द्या."

"लंबवर्तुळ दाखवून? पेशंट मला विचारतो, डॉक्टर, नंबर किती येईल. त्याला एक आकडा हवा असतो. तू त्याला कुठला देशील?"

"आकडा नाही देणार. दहा जणांत किती जण चष्म्याशिवाय गाडी चालवतात ते सांगेन."

"ते तुझ्या आलेखावर कुठे आहे?"

"नाही. ते मला पेशंटांना बोलावून विचारावं लागेल."